रायापूरचा शिरा

माझी मूठ लहान आहे, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. कलघटगीला माहेरी तशी वेळच आली नाही. धारवाडला सासरी आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भातासाठी तांदूळ काढले, तर मागून सासूबाई म्हणाल्या, “आधी मूठ.”

फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर गोऱ्या मुलीचं चित्र होतं. घासून घासून तिचा चेहरा गेला होता, नुसते केस राहिले होते. रोज स्वयंपाकाला लागायच्या आधी घरच्या धान्यातलं मूठभर त्या डब्यात टाकायचं, अशी गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांत रीत होती. शनिवारी मंडळाच्या बायका पोतं घेऊन यायच्या, घरोघरचे डबे त्यात पालथे व्हायचे, आणि ते धान्य अडचणीत असलेल्या तीन-चार घरांना जायचं. मी माझी मूठ टाकली. सासूबाईंनी डब्यात वाकून पाहिलं.

“एवढीच?”

“माझी मूठ एवढीच आहे, आई.”

“मूठ लहान नसते गं. मन लहान असतं.”

माझ्या संसाराची सुरुवात ही अशी झाली. सासूबाईंची मूठ मोठी होती हे खरं, पण कुणी बघत असलं तर. एरवी त्यांची बोटं अशी काही आत वळायची की चिमणीलासुद्धा दुसऱ्या दारी जावं लागलं असतं. हे मी त्या असताना कधी बोलले नाही. आता बोलते, कारण आता माझ्या सुनेला माझ्याबद्दल काय काय बोलायचं असेल ते मला कळतं.

ही सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. मंडळ म्हणजे आमच्या गल्लीतल्या दहा-बारा बायका. कुणाचा नवरा मास्तर, कुणाचा कचेरीत, एकीचा वकील. मंडळाला नाव नव्हतं, पाटी नव्हती, फक्त अध्यक्षीण होती. ती म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या वकिलीणबाई. आणि वकिलीणबाई व आमच्या सासूबाई एकमेकींशी बोलत नसत.

कारण मी येण्याच्या आधीचं. सासूबाईंनी शेवेचा सोऱ्या दिला होता, तो परत आला तेव्हा त्यातली एक चकती नव्हती. वकिलीणबाईंचं म्हणणं, मुळात नव्हतीच. त्या चकतीवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच. सासूबाई मंडळात राहिल्या त्या वकिलीणबाईंवर लक्ष ठेवायला, आणि वकिलीणबाई अध्यक्ष राहिल्या त्या सासूबाईंना होऊ द्यायचं नाही म्हणून. मधल्या मधे गोरगरिबांना धान्य मिळत होतं.

दोघींना काही बोलायचं झालं तर तिसरं माणूस लागायचं. आधी माझी नणंद ते काम करायची. तिचं लग्न झालं आणि मी आले. सून आली म्हणून घरात आनंद झाला असेल असं मला वाटायचं. खरं म्हणजे जागा रिकामी झाली होती, ती भरली.

“तुझ्या सासूला सांग, शनिवारी पोतं आधी आमच्याकडून निघेल.”

“त्यांना सांग, पोतं कुठूनही निघू दे. मी पोत्याला ओवाळायला बसलेली नाही.”

दोघी चार हातांवर उभ्या असायच्या आणि मी मधे. दोघींना दोघींचं सगळं ऐकू जायचं. तरी मी पुन्हा सांगायचे, नाहीतर उत्तर यायचं नाही.

धान्य द्यायच्या आधी मंडळ घर बघायचं. मुलगी बघायला जातात तसं. दोन-तीन बायका जायच्या, बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि उठता उठता स्वयंपाकघरात डोकावायच्या. घर खरंच अडचणीत आहे की नाही ते कळायला नको का? सासूबाईंची ख्याती तिथे होती. त्या डबा उघडत नसत. उघडणं म्हणजे अपमान, असं त्यांचं मत. त्या बोटाच्या सांध्याने डब्यावर टिचकी मारायच्या आणि आवाजावरून सांगायच्या, भरलेला की अर्धा की तळाला. गल्लीत यावरून पैजा लागत. एकदा मामंजींनी घरातले सगळे डबे फडक्यांनी झाकून त्यांची परीक्षा घेतली होती, आणि त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. मामंजी निवृत्त मास्तर. आयुष्यात तेवढ्याच एका विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी दिले, असं म्हणायचे.

घर बघताना आणखी एक गोष्ट बघितली जायची. ती कुणी बोलून दाखवत नसे. उणकलला तळ्याच्या अंगाला एक घर होतं, त्यांना आमचं धान्य जायचं. मंडळाच्या बायका पुन्हा चौकशीला गेल्या तेव्हा त्या घरच्या बाईने कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही. थोड्याच दिवसांत त्या घरचं बंद झालं. कारण काहीतरी दुसरं दिलं, पण सासूबाई पायरीवर उभ्या राहून महिनोन्महिने तेच सांगत होत्या. गरीब असावं, पण वळण असावं. दारात आलेल्या सवाष्णीला पाणी विचारत नाही म्हणजे काय? आमचा दूधवाला दूध घालता घालता हे सगळं ऐकायचा. तो हुबळीच्या रस्त्यावरच्या रायापूर गावचा.

त्या दूधवाल्यानेच रायापूरच्या घराची गोष्ट आणली. त्याच्या घराच्या मागे एक मराठी कुटुंब राहायचं. नवरा लॉरीवर होता. माल उतरवताना मांडीचं हाड मोडलं, सरकारी दवाखान्यातून प्लास्टर घालून घरी आणून टाकला होता. किती महिने ते डॉक्टरही सांगत नव्हते. घरात डोळ्यांनी अधू झालेला सासरा, दोन लहान मुली. बायको मिळेल तिथे शेतात तण भांगलायला जायची, पण आता उन्हाळा, शेतात काम नाही. मुली दिवसातून एकदा जेवतात, तेही दोघी मिळून एका ताटात, असं तो म्हणाला. पेरणी होऊन भांगलणी सुरू होईपर्यंत निभलं तर घर निभेल, नाहीतर मुलींना घाटाखाली कुणा नातेवाइकाकडे कामाला धाडायचं बोलणं चाललंय.

सासूबाईंनी ते घर उचलून धरलं. त्याच आठवड्यात वकिलीणबाईंनी त्यांच्या जुन्या स्वयंपाकीणबाईचं घर पुढे केलं. पोतं काही वाढत नव्हतं. त्यात एकच नवीन घर बसणार होतं. मग काय, मंडळाचं महाभारत झालं. शेवटी ठरलं की आधी रायापूरचं घर बघायचं, आणि बघायला दोघींनी जायचं. आणि दोघी जाणार म्हणजे मी जाणार.

सिटी बसमध्ये त्या दोघी दोन टोकांना बसल्या. मी मधे उभी, हातात छत्री आणि सासूबाईंची पिशवी. कंडक्टरने विचारलं, तिकिटं एकत्र का? दोघी एकदम म्हणाल्या, “बेरे बेरे.” कन्नडमध्ये वेगवेगळी. त्या दिवसातलं त्यांचं ते एकमेव एकमत.

रायापूरला पोचलो तर दारात सडा-रांगोळी. ओटा सारवलेला, अजून ओला. आत एक चटई, तिच्यावर नवीकोरी वाटणारी चादर. घरची बाई उंच, हडकुळी, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. “बर्री, बर्री, या, बसा,” म्हणाली. आतल्या खोलीत खाटेवर नवरा पाय लांब करून पडला होता. त्याने पडल्या पडल्या हात जोडले. म्हातारा सासरा भिंतीला टेकून, डोक्याला रुमाल बांधून, वऱ्हाडातल्या विहिणीच्या बापासारखा ताठ बसला होता. दोन्ही मुली दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना आत यायची मनाई असावी, कारण उंबऱ्याला पाय लागला की आई नुसती बघायची आणि पाय मागे जायचा.

आणि मग शिरा आला. केळीच्या पानाच्या तुकड्यांवर. तुपाने असा माखलेला की पान बोटाला चिकटत नव्हतं. वेलदोड्याचा वास. बरोबर उप्पीट, वर खोबरं. मग कपबशीतून चहा, तोही साखर घसघशीत घातलेला. साखर तेव्हा रेशनवर.

मी काय सांगू. सासरी आल्यापासून इतका चांगला शिरा मी खाल्ला नव्हता. आमच्याकडे तूप वाढायचं ते चमच्याच्या मागच्या बाजूने. “आणखी थोडा?” असं तिने विचारलं आणि माझं पान मीच पुढे सरकवलेलं मला दिसलं. वकिलीणबाईंनीही नको म्हणत म्हणत घेतला. सासूबाईंनी घेतला कारण वकिलीणबाईंनी घेतला. पातेलं आत गेलं तेव्हा रिकामं होतं. बाहेरच्या मुलींपैकी थोरलीने ते रिकामं जाताना बघितलं आणि ती अंगणात जाऊन पाठ करून उभी राहिली. माझ्या तोंडात तेव्हा शेवटचा घास होता.

निघताना हळदकुंकू झालं. तिने आम्हा तिघींच्या ओटीत नारळ घातले. सासूबाई उठल्या, सहज म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. फळीवर चार डबे, राखेने घासून चकचकीत केलेले. टिचकी. टिचकी. प्रत्येकाचा आवाज दबका, भरीव. सासूबाईंचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी बिनसलं.

बस सुटली. मग वकिलीणबाई खिडकीबाहेर बघत मला म्हणाल्या, “तुझ्या सासूला सांग, ज्या घरात शिऱ्याला एवढं तूप पडतं, त्या घराला आपली मूठ काय पुरणार? उलट त्यांनीच आपल्या डब्यात टाकावी.”

सासूबाईंकडून उत्तर आलं नाही. मी निरोप दुसऱ्यांदा सांगितला, तरी नाही.

मंडळाची बैठक वकिलीणबाईंच्या व्हरांड्यात झाली. शिऱ्याचं सविस्तर वर्णन झालं, ते ऐकून दोघीतिघींनी आवंढा गिळला. मग वकिलीणबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “डबे कसे वाजले म्हणे?”

हा सापळा होता, आणि तो सापळा आहे हे सासूबाईंना माहीत होतं. ‘रिकामे’ एवढा शब्द बोलल्या असत्या तर रायापूरचं घर पोत्यात बसलं असतं. त्यांचं बोट खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण तेच तर. आयुष्यभर जे बोट चुकलं नाही, त्याला चारचौघींत खोटं बोलायला लावायचं? ते त्यांना जमलं नाही.

“भरलेले,” त्या म्हणाल्या.

स्वयंपाकीणबाईचं घर पोत्यात बसलं. रायापूरचं गेलं. घरी आल्यावर सासूबाई माझ्यावर बरसल्या. दुसऱ्यांदा शिरा घ्यायची काय गरज होती, घरी उपाशी ठेवतो का आम्ही? मी म्हटलं, तुम्हीही घेतलात. त्यावर दोन दिवस आमच्या घरातही तिसरं माणूस लागलं. ते काम आमच्या ह्यांनी केलं, आणि वाईट केलं. निरोप मऊ करून सांगायचे. भांडणात अशाने काही रंगत राहत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी रायापूरची ती बाई आली. दूधवाल्याने सांगितलं असणार. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. रायापूरपासून ती चालत आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ. ती पायरीच्या खालीच उभी राहिली. समोरच्या खिडकीचं दार लगेच किलकिलं झालं.

“अक्का, भांडायला आले नाही,” ती म्हणाली. “रवा, साखर आणि तूप न्यायला आले.”

“कसला रवा?”

“तुम्ही खाल्लात तो.”

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी तर टरफलांकडे बघायला लागले.

“रवा कोपऱ्यावरच्या घरचा,” ती आवाज न चढवता सांगत होती. “साखर शेजारणीच्या रेशनची. तूप देवळामागच्या म्हातारीचं, तिनं दिव्याला ठेवलेलं. कपबश्या, चादर, नारळ, सगळं दुसऱ्याचं. धान्य सुरू झालं की थोडं थोडं करून उसनं फेडीन म्हणून आणलं. ते तर तुम्ही देत नाही. मग आता त्यांच्या दारावरून मी जाऊ कशी?”

“आम्ही मागितला होता का गं शिरा?”

“मागितला नव्हता. दुसऱ्यांदा मात्र घेतलात की हो.” हे म्हणताना तिने बघितलं ते माझ्याकडे.

“घरात नव्हतं तर करायचं कशाला? पाणी दिलं असतंस, चाललं असतं.”

“उणकलच्या घराला चाललं का?”

सासूबाईंनी हातातली शेंग फोडली. या पायरीवरून त्यांनी केलेली सगळी भाषणं रायापूरपर्यंत दुधाच्या कॅनबरोबर गेली होती, हे त्यांना तेव्हा समजलं. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटचा हुकमी पत्ता त्यांनी टाकला.

“डबे भरलेले होते. मी स्वतः वाजवलेत.”

“कोंडा होता त्यात. भाताचा कोंडा, ठासून भरलेला. आमचे मामंजी म्हणाले, घरात पहिल्यांदा सवाष्णी येणार, डबे रिकामे वाजता कामा नयेत.”

समोरच्या खिडकीतून एक हसू आलं. मोठं नव्हे, पण आलं. धारवाडात त्या दिवशी त्याहून मोठा आवाज झाला नसेल. सासूबाईंचं बोट, पैकीच्या पैकीवालं, कोंड्याने फसवलं होतं; आणि ते कुणी ऐकलं, तर वकिलीणबाईंनी.

सासूबाई उठल्या, आत गेल्या. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मला आतूनच हुकूम आला, “जा, समोर सांग, अर्धा शिरा त्यांनी खाल्लाय. अर्धा रवा पाठवा म्हणावं.”

मी रस्ता ओलांडून गेले. वकिलीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “सांग तिला, मी शिरा खाल्ला तो मंडळाच्या कामावर असताना. घरी असते तर खाल्ला नसता.” वकिलाच्या घरात राहून एवढं तर येणारच.

मी परत येऊन सांगितलं. रायापूरची तिथेच उभी, ऐकत. मला वाटलं, तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. पण ते हसू असेल असं छातीठोक सांगत नाही.

सासूबाईंनी रवा आणला, साखर आणली, आणि वाटी भरून तूप. आमच्या घरातलं, चमच्याच्या मागच्या बाजूचं तूप, वाटी भरून. तिच्या पदरात आणि तिने आणलेल्या भांड्यात घालून झालं. मग फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, ज्याची त्या शनिवारी पोत्यात जायची पाळी होती, आणि तिच्यासमोर पायरीवर आपटला.

“हेही ने.”

तिने हात लावला नाही. “हे कशाला? मंडळानं तर नाही म्हटलं. ही भीक का?”

“भीक नव्हे. समोरच्यांच्या पोत्यात जाण्यापेक्षा तुझ्या घरी गेलेलं बरं, एवढंच.”

ती थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. केसांपुरत्या उरलेल्या त्या गोऱ्या मुलीकडे. मग वाकून डबा उचलला. “असं असेल तर चालेल,” म्हणाली.

दया म्हणून दिलं असतं तर तिने घेतलं नसतं, असं मला आजही वाटतं. रागाचं होतं म्हणून घेतलं. रागात उपकार नसतो.

पुढच्या शनिवारी गल्लीत दोन पोती फिरली. आमच्या ओळीतली घरं सासूबाईंच्या पोत्यात, समोरची वकिलीणबाईंच्या. कोपऱ्यावरच्या पोस्टमास्तरीणबाईंना दोन्हींत टाकावं लागे, कारण त्यांचं दार दोन्हीकडे उघडायचं. मंडळाच्या पोत्यात तांदूळ, ज्वारी, गहू, सगळं एकत्र असायचं. घेणारीने दिवसभर निवडत बसावं, आणि कुणी कुरकुर केलीच तर वकिलीणबाई म्हणायच्या, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. सासूबाईंनी त्यांना खिजवायला तांदळाची पिशवी वेगळी, ज्वारीची वेगळी केली. समोरून तूरडाळ सुरू झाली. इकडून मग गूळ. मामंजी एकदा जेवताना पानाकडे बघून म्हणाले, “या भांडणात आपल्यालाही काही मिळेल का, विचारा.” माझी मूठसुद्धा मोठी झाली. दोन वेळा टाकायचे, कुणी न सांगता. सासूबाईंना आवाजावरून कळत असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत.

धान्य पोचवायचं काम अर्थातच माझं. कोंड्याने फसवणाऱ्या घरात पाय ठेवणार नाही, अशी सासूबाईंची शपथ होती. मी दर शनिवारी पिशव्या घेऊन बसने रायापूरला जायचे. ती उंबऱ्यात उभी राहायची. पिशव्या घ्यायची, आत जाऊन रिकाम्या करायची, घडी घालून परत द्यायची. बस म्हणायची नाही. उन्हाने माझा जीव जायचा. एकदा न राहवून म्हटलं, थोडं पाणी देता का?

“पाणी दिलं तर उद्या म्हणाल, घरात माठ आहे.”

मी रस्त्यावरच्या नळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायले. मागे वळून बघितलं तर ती अजून उंबऱ्यातच, मी पिते की नाही बघत.

घरी येऊन सांगितलं. “माजलीय,” सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या पिशवीत चवळी घातली. “सांग तिला, ज्वारी मी स्वतः निवडलीय. नाक मुरडू नको म्हणावं.”

मी सांगितलं.

“सांगा अक्कांना, खडे राहिलेत. चष्मा लावून निवडा म्हणावं.”

मी हेही पोचवलं. एका टपालातून सुटका नाही तोवर दुसरं लागलं होतं. पण एक गोष्ट खरी. दोन्हीकडे शनिवारची वाट बघितली जायची. ‘काय म्हणाली?’ हे सासूबाई मी चप्पल काढायच्या आत विचारायच्या.

मुली घाटाखाली गेल्या नाहीत. पावसाळा आला, भांगलणी सुरू झाली, ती कामाला जायला लागली; तरी एका बाईच्या मजुरीत पाच तोंडं भागत नव्हती, म्हणून आमची पिशवी चालू राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मी एकदा गेले तर नवरा काठी घेऊन अंगणात चालत होता आणि थोरली मुलगी त्याच्या पुढे पुढे उलटी चालत होती, तान्ह्या पोराला शिकवावं तशी. मला बघून दोघंही आत गेली.

ऐंशी साल लागलं होतं. दिवाळी होऊन गेलेली. मी पिशव्या पुढे केल्या तर तिने हात मागे घेतला.

“आजपासून नको. हुबळीला मार्केट यार्डात राखणीचं काम लागलंय त्यांना.” मग म्हणाली, “पुढच्या शनिवारी अक्कांना घेऊन या.”

“त्या येणार नाहीत. शपथ आहे त्यांची.”

“येतील,” ती म्हणाली.

सासूबाई आल्या. इरकलीतली चांगली घडी मोडून आल्या. बसमध्ये मला बजावलं की काही दिलं तर एकदाच घ्यायचं. खिडकीतून वकिलीणबाईंना दिसावं म्हणून घरातून निघताना त्या उगीचच दोनदा परत फिरल्या होत्या, हे वेगळं.

या वेळी रांगोळी नव्हती. चटई होती, तिच्यावर चादर नव्हती. म्हातारा सासरा भिंतीशी होता, त्याने रुमाल बांधला नव्हता. नातीला शेजारी घेऊन तो शेंगा खात होता. आम्हाला बसा म्हणाली. चहा आला. तीन कप तीन तऱ्हेचे, एकाचा कान गेलेला. तो तिने स्वतः घेतला. शिरा नव्हता. मुली आतच होत्या, त्यांनाही बशीत ओतून मिळाला. कुणी कुणाचं कौतुक केलं नाही, आभार मानले नाहीत. सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या त्या नेमक्या फळीच्या कडेला. डबे तेच चार. त्या चहा पीत होत्या आणि त्यांचा डावा हात, सवयीचा गुलाम, हळूच वर गेला. टिचकी.

मुलींनी बशीवरून मान वर केली. म्हाताऱ्याच्या तोंडातली शेंगसुद्धा थांबली.

“काय आहे गं यात?” सासूबाईंनी विचारलं.

ती आपला कान गेलेला कप दोन्ही हातांत धरून बसली होती. “तुम्हाला काय करायचंय, अक्का?” ती म्हणाली.

रागाने नव्हे. विळी कुठे ठेवलीस असं कुणी विचारलं तर सांगावं, तितक्या साध्या आवाजात. सासूबाईंचा हात डब्यावरून खाली आला, मांडीवर गेला. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, उठल्या, आणि तिने पुढे केलेलं कुंकू लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं, अपमान जिव्हारी लागला. आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. धारवाडची घरं दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता आपल्या बोटाचा सांधा अंगठ्याने चोळला.

“तांदूळ होता,” त्या म्हणाल्या. “वरून दोन बोटं रिकामा.”